बदकांची आईकडची बाजू

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि दोन्हींची मनातल्या मनात बेरीज करून मला एका कप्प्यात ठेवून दिलं. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी यातलं काहीच विचारलं नाही. त्या खिडकीपाशी बसून शेंगदाणे खात होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "आईचं माहेर कुठलं?"

"वरोरा," मी म्हटलं.

"आईच्या आईचं?"

"गोंडपिपरीकडलं एक गाव आहे."

"आणि तिच्या आईचं?"

मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"पाहा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रसायनशास्त्रात फर्स्ट क्लास आणि पणजीपाशी नापास."

सगळ्यांना ऐकू जाईल असा, म्हटलं खरं, पण मॅडमना दुसरा आवाज नव्हताच. त्या वर्गात शिकवत तेव्हा बाहेर सायकल स्टँडवर बसणाऱ्या म्हाताऱ्यालाही बेडकाचं हृदय पाठ झालं होतं. पन्नाशी उलटलेल्या, अंगाने भरलेल्या, सुती साडीवर पुरुषी खाकी जर्किन आणि पायात कॅनव्हासचे बूट. चंद्रपूरच्या उन्हातसुद्धा जर्किन सुटत नसे, कारण त्याच्या खिशांत चिमटे, दोरा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि शेंगदाणे असत, आणि हे सगळं एकमेकांत मिसळलेलं असे. त्यांनी देऊ केलेले शेंगदाणे खायला धीर लागायचा. "बदकांत आवाज असतो तो मादीचा," असं त्या अधूनमधून जाहीर करत. "नर नुसता घशातल्या घशात खरखरतो." आणि हे म्हणताना पुरुष प्राध्यापकांच्या टेबलाकडे हमखास बघत.

आमच्या प्राचार्यांना वडिलांकडच्या सात पिढ्या तोंडपाठ होत्या आणि संधी मिळाली की ते त्या म्हणून दाखवत. एका गॅदरिंगनंतर मॅडमनी चारचौघांत त्यांना त्यांच्या आईच्या आजीचं नाव विचारलं. प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामा झाला तरी तो तोंडापासून खाली आणला नाही. पुढे महिनाभर ते मॅडम दिसल्या की वळसा घालून जात.

हे काय खूळ आहे, म्हणून मी एकदा धीर करून विचारलंच. मॅडम हसल्या. रंगात आल्या की त्या पुस्तकी मराठी सोडून आमच्याकडच्या बायकांसारखं 'मी करतो, मी जातो' बोलायच्या.

"आडनाव विचारलं का लोक जात मोजाले लागतात," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी छप्पन सालापासून बुद्धाचा फोटो हाये. तरी विचारणारे विचारतेतच, पहिलेचे कोण? म्हणून मी आईची आजी विचारतो. तिथी सगळेच सारखे अडखळतात. जिवाले बरं वाटते."

पण खरं कारण बदकं हेच होतं. मॅडमच्या आयुष्यात सगळ्याचंच खरं कारण बदकं हे असे.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. पेशीच्या आत, मायटोकॉन्ड्रियात, एक छोटासा वेगळा डीएनए असतो आणि तो पिल्लाला फक्त आईकडून मिळतो, बाप त्यात काडीची भर घालत नाही, ही गोष्ट तेव्हा आमच्याकडे पुस्तकांतही धड आली नव्हती. मॅडमच्या विद्यापीठातल्या एका मैत्रिणीची हैदराबादला प्रयोगशाळा होती. तिथे या डीएनएचे तुकडे करून, ते जाळीदार थरातून पळवून, त्यांच्या पट्ट्या पाडता येत. दोन बदकांच्या पट्ट्या जुळल्या की दोघांची आईकडची बाजू एक. एवढं कळल्यापासून मॅडमना रात्रंदिवस एकच ध्यास होता. आपल्या झाडीपट्टीत जितकी गावं तितके तलाव. त्या तलावांवर हळदीकुंकू नावाचं जंगली बदक राहतं. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके, म्हणून हळदीकुंकू. आणि त्याच तलावांवर गावकऱ्यांची पाळीव बदकंही पोहतात. या दोघांचं एकमेकांशी नातं काय, ते मॅडमना शोधायचं होतं. सगळ्या दुनियेला त्या एकच वाक्य ऐकवायच्या, "बाप हा अंदाज असतो. आई हा पुरावा असतो."

आज म्हणे पिसाच्या देठावरूनही हे काम होतं. तेव्हा ताजं यकृत लागायचं आणि ते हैदराबादला पोचेपर्यंत बर्फात राहायला हवं असायचं. जंगली बदक मारायचा प्रश्नच नव्हता. ढिवरांच्या, म्हणजे आमच्याकडच्या कोळ्यांच्या, जाळ्यात अडकून एखादं मेलं तर ते निरोप पाठवत आणि मॅडम जंगलखात्याची परवानगी जर्किनच्या खिशात घेऊन धावत सुटत. पाळीव बदक मात्र रीतसर विकत आणलं जाई. कलेजी आणि हृदय विज्ञानाला, बाकीचं स्टाफरूमला, असा नियम होता. मॅडमचा रस्सा झणझणीत असे. इतिहासाचे सर आठवडा कोरडा गेला की काळजीने विचारत, "मॅडम, संशोधन थंडावलं का?"

माझ्याकडे मोपेड होती, हा माझा एकमेव अपराध. त्यापायी माझे कित्येक रविवार तलावांच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेले. मागे मॅडम, त्यांच्या मांडीवर बर्फाचा थर्मास, आणि माझ्या पायाशी टोपलीत एखादं वैतागलेलं बदक. चढ लागला की मॅडम उतरून चालायच्या आणि मोपेडच्या पुढे निघून जायच्या. लांबच्या गावाला एस.टी. एकदा गडचिरोलीहून येताना कंडक्टरने टोपलीत डोकावून म्हटलं, "कोंबडीचं तिकीट लागते, मॅडम."

"हे बदक हाये."

"मंग बदकाचं लागते."

"वय पाहा त्याचं. हाफ द्या."

यावर मूल गाव येईपर्यंत वाद चालला. शेवटी कंडक्टरने हात टेकले, आणि मॅडमनी जिंकल्याच्या आनंदात त्याला त्याच्या आईचं माहेर विचारलं. ते निघालं मॅडमच्याच आजोळच्या शेजारचं. मग उरलेला रस्ता तो तिकिटं फाडायचं विसरून आमच्याच बाकाशी उभा होता.

मॅडमना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला हसूच येतं. एक प्रसंग मात्र असा आहे की तो आठवताना हसू अर्ध्यावरच थांबतं.

मूलच्या रस्त्यावर एका गावात मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव होता. त्याच्या पाळीखाली भागरताबाई नावाची ढिवरीण राहायची. नवरा नव्हता, मुलगी लांब दिलेली. अंगणात बदकं होती, आणि त्यांची अंडी बाजारात विकून बाई आपलं पोट भरत होती. त्या हिवाळ्यात तिच्या बदकांत एक नवी तरणी टोळी दिसली. अंगाने पाळीव बदकांसारखीच बोजड, पण चोचीच्या टोकाला पिवळं. मॅडमना ते दिसलं आणि त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. गावातल्या चहाच्या टपरीवर उभं राहून त्यांनी घोषणा केली, "अर्धी हळदीकुंकू हायेत ते. मी लिहून देतो."

टपरीच्या बाकावर जंगलखात्याचा गार्ड चहा पीत होता. जंगली पक्षी पाळणं हा गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक होतं. एवढी शिकलेली बाई छातीठोकपणे सांगते आहे म्हटल्यावर त्याने दुसऱ्याच दिवशी ती सगळी टोळी टोपल्यांत घालून रेंज ऑफिसला नेली.

भागरताबाई एस.टी.ने चंद्रपूरला आली आणि विचारत विचारत थेट स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. रडली नाही की ओरडली नाही.

"बाई, तुमच्या तोंडानं माही बदकं गेली," ती म्हणाली. "जुनी बदकं थकली. औंदा अंड्यावर येनारी होती तं हेच. आता मी काय इकू?"

मॅडमच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. मग त्या उठल्या, जर्किनची बटणं लावली आणि मला म्हणाल्या, "गाडी काढ."

रेंजर साताऱ्याकडचा, तरुण, नव्यानेच आलेला. ऑफिसच्या मागच्या आवारात बदकांचा कालवा चालला होता आणि एक गार्ड तोंड वाकडं करून त्यांच्यासाठी कोंडा भिजवत होता. रेंजरने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

"मॅडम, चोचीवरचं पिवळं मलाही दिसतंय," तो म्हणाला. "मी काय करू?"

"पिवळं बापाचं असू शकते ना," मॅडम म्हणाल्या. "जंगली नर तलावावर येतो, घरच्या मादीशी जमवतो आणि जातो निघून. त्यात या बाईचा काय गुन्हा? साहेब, बाप हा अंदाज असतो. आई हा पुरावा असतो. आई घरची निघाली तर?"

रेंजरने विचार केला. "तर ही पाळीव धरून सोडून देतो. पण आई जंगली निघाली, तर अंडी जंगलातून उचलली असा अर्थ होतो. मग मला सोडता येणार नाहीत."

"मान्य," मॅडम म्हणाल्या. "निघणारच नाही."

तपासणीसाठी त्या टोळीतलं एक बदक कापावं लागणार होतं. भागरताबाई कोपऱ्यात उकिडवी बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाई, आईचं कायले काढता? जाऊ द्या ना. साहेबाच्या पाया पडू, थो सोडून देईन."

"पाया काऊन पडायचं? विज्ञान हाये आपल्याजवळ."

"माही बदकं, मी सांगून राह्यली, नोका काढू," भागरताबाई पुन्हा म्हणाली आणि मग माझ्याकडे वळली. "वो लहान बाई, तुम्ही तरी समजवा यायले."

एक बदक जाणार म्हणून तिचा जीव तुटतो आहे, असं मला वाटलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एक देऊन बाकीची वाचतील म्हणून तिची समजूत घातली. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की आता हिलाही काय सांगायचं. आपल्याच वकिलाला गप्प करू बघणारी आरोपी आम्ही दोघींनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली होती, आणि आम्हाला ती ओळखता आली नाही.

त्या बदकाचा रस्सा झाला नाही. मॅडमनी थर्मास बांधला, मी त्यांना बल्लारशाला हैदराबादच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतूनही त्या मला ओरडून सांगत होत्या की भागरताबाईला निरोप दे, खुराडं झाडून ठेव म्हणावं.

परत आल्या त्या दिवशी त्या खिडकीपाशी नेहमीसारख्या बसल्या, पण खिशात हात गेला नाही. तास संपवून मी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "आई जंगली."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "पट्ट्या नीट पाहिल्या?"

"तीनदा चालवून पाहिल्या. हळदीकुंकवाशी जुळतात. घरच्या बदकाशी काही संबंध नाही."

"मग असं करा ना," मी आवाज खाली आणून म्हटलं. "बर्फ वितळला म्हणून सांगा. नमुना खराब झाला. रेंजरला काय कळतंय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

"इतकी वर्षं मी बर्फ सांभाळला," त्या म्हणाल्या, "तो काय हे सांगायला?"

रेंजरकडे जाण्याआधी आम्ही भागरताबाईकडे गेलो. अंगणात रिकाम्या खुराड्याच्या आतबाहेर एक मोठी कबरी कोंबडी येरझारा घालत होती आणि घशातून सारखा बोलावल्याचा आवाज काढत होती. मॅडम बाजेवर बसल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "अंडी कुठून आणली होती?"

भागरताबाईने सुस्कारा सोडला, आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. दोन पावसाळ्यांआधी पाळीवरचं गवत कापताना माणसांना जंगली बदकाचं घरटं लागलं होतं. मादी उडाली ती परत आलीच नाही, आणि कुत्री फिरत होती. बाईने अंडी पदरात घालून आणली आणि खुडूक कोंबडीखाली ठेवली. त्यातलं एकच पिल्लू जगलं. ते मादी निघालं, घरच्या बदकांतच वाढलं, घरच्याच नराशी जोडी जमली, आणि गेल्या पावसाळ्यात तिने अंडी घातली.

"अन् एक दिवस तलावावर जंगली थवा आला तं त्याच्यासंगं उडून गेली," भागरताबाई म्हणाली. "अंडी तशीच टाकून. मंग मी या कबरीखाली ठेवली. हिनंच उबवली अन् हिनंच वागवली."

"मग आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही इचारलं कुठी? तुम्ही सांगत राह्यल्या, मी आयकत राह्यली."

जगाला आईची आजी विचारत फिरणाऱ्या मॅडमनी हिला काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी भागरताबाईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

रेंजरसमोर त्या उभ्याच राहिल्या. "आई जंगली आहे. माझा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या. मग घरट्याची, कुत्र्यांची, उडून गेलेल्या मादीची सगळी हकीकत सांगून म्हणाल्या, "गुन्हा लिहायचाच असेल तर माझ्या नावावर लिहा. बोंबलले मी होते."

रेंजर डोकं खाजवत बसला. माणूस वाईट नव्हता. बाईवर गुन्हा नको, पण जंगली म्हणून सिद्ध झालेले पक्षी परत देता येणार नाहीत, असं त्याने ठरवलं. ते जिथून जप्त केले तिथेच, पंचांसमक्ष, मोकळे सोडायचे. भागरताबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "साहेब, तलावात त्यायले दाना कोन टाकन?"

सोडायच्या दिवशी दुपारी अर्धा गाव पाळीवर जमला. गार्डांनी टोपल्या पाण्याच्या काठाशी आणून उघडल्या. बदकं एकमेकांवर धडपडत बाहेर पडली आणि पाण्यात शिरली. तलावाच्या मध्यावर हळदीकुंकवांचा थवा बसला होता. आमची टोळी हळूहळू त्या बाजूला सरकत गेली, आणि लोक म्हणाले, चालली आपल्या लोकांत. पंचांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. भागरताबाई पाण्याकडे पाठ करून बसली होती. मॅडम तिच्या शेजारी उभ्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एका म्हातारीच्या तोंडचा घास आपल्या सच्चेपणाने काढून घेतला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि तरी त्यांनी दुसरं काही करायला हवं होतं असं मी आजही म्हणू शकत नाही.

उन्हं उतरली तशी लोकांची पांगापांग सुरू झाली. जंगली थवा एकदम उठला आणि तलावावरून एक फेरी मारून जुनोन्याच्या तलावाच्या बाजूला निघून गेला. आमच्या बदकांनीही पंख मारून पाहिले. ती पाण्यावरून हातभर उचलली गेली आणि धपकन परत बसली.

तेवढ्यात घरांच्या बाजूने ती कबरी कोंबडी पाळ चढून आली. एकटीच. पाण्यापासून जरा लांब थांबून तिने तो घशातला आवाज काढला. एकदा, मग पुन्हा.

बदकांनी माना वळवल्या. मग पाण्यावर सरळ रेघ उठली. बदकं काठाला लागली, डुलत डुलत पाळ चढली, अंग झटकून रेंजरच्या बुटांवर पाणी उडवलं आणि कोंबडीच्या मागे रांगेत उभी राहिली. प्रत्येक बदक तिच्याहून मोठं होतं. कोंबडीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती घराच्या दिशेने चालू लागली आणि रांग तिच्या मागे निघाली.

एक गार्ड टोपली घेऊन धावला. रेंजरने त्याला हाताने अडवलं.

"साहेब, जंगली आहेत ती."

"सोडली ना आपण? पंचनामा झाला. आता कुठे जायचं ते त्यांचं त्यांनी बघावं."

भागरताबाई केव्हाच उठून रांगेमागून धावली होती, पदर सावरत, बदकांना नावं ठेवत, रडत. रेंजर मॅडमकडे वळला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मॅडम, आता मी काय समजायचं? यांची आई कोण?"

मॅडम गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशा होणाऱ्या त्या रांगेकडे बघत होत्या. डोळे पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"माहीत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "इतक्या पट्ट्या पाहिल्या मी. त्यात ही कोंबडी कुठेच दिसली नव्हती."